मुरूम लागेपर्यंत

आमच्या घरात कॅलेंडर शोभेला आहे. तिथी दार सांगतं. मृगाचे दोन बरे पाऊस झाले की पुढचं दार चौकटीत रुतायला लागतं. आषाढात ते उघडायला खांदा लावावा लागतो, श्रावणात दोन खांदे लागतात, आणि गौरी-गणपतीचे पाहुणे मागच्या दारानं, गोठ्यातून, शेण चुकवत घरात येतात. दिवाळी झाली की दार जरा माणसात येतं. संक्रांतीच्या सुमारास पंधरा दिवस तर ते अगदी जाहिरातीतल्या दारासारखं उघडतं-मिटतं. मग ऊन तापतं, आणि कडी-कोंड्यात जो दुरावा येतो तो थेट पुढच्या मृगापर्यंत. वैशाखात आम्ही दाराला आतून पाटा टेकवून झोपतो.

मिस्त्री म्हणाले, "लाकूड फुगतंय गुरुजी. लोखंडी बसवा."

लोखंडी बसवलं. आता लोखंडी दार अडकतं. फरक एवढाच की लोखंडाला खांदा जास्त दुखतो.

दाराशेजारी खिडकी आहे आणि खिडकीच्या कोपऱ्यातून वर पत्र्यापर्यंत तिरपी गेलेली एक भेग आहे. उन्हाळ्यात तिच्यात चार बोटं जातात. आम्ही तिचा कपाटासारखा वापर करतो. लाईटचं बिल, कंगवा, लग्नपत्रिका, सगळं तिथं. अट एकच, पहिल्या पावसाच्या आत सामान काढून घ्यायचं. एका वर्षी मी विसरलो, आणि भेग मे महिन्याचं बिल पोटात घेऊन मिटली. पुढच्या फाल्गुनात तिनं ते इमानदारीनं परत केलं. तोवर मी ते दंडासकट भरलेलं होतं.

सिमेंटनं ती बुजवायचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा बायको म्हणाली, "राहू द्या. भिंतीला जरा वारा लागतो." दर फाल्गुनात ती बॅटरी घेऊन भेगेत डोकावते. विचारलं तर म्हणते, पाल बघते.

चूक माझीच. दिंद्रुड हे माजलगाव तालुक्यातलं, बीड-परळी रस्त्याला लागून असलेलं गाव. पंचवीस वर्षांपूर्वी वाड्यातला माझा वाटा भावाला देऊन मी गावाबाहेर रस्त्याकडेची जागा घेतली, कारण ती 'रोडटच' होती. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण या शब्दाला प्रतिशब्द सुचला नाही. सुचला असता तर मोह झाला नसता. जागा रस्त्याला टच होती, एवढं मी बघितलं. खाली ती कशाला टच आहे हे बघायचं राहून गेलं.

माझे चुलते, आबा, वय चौऱ्याऐंशी, आजही माझ्या ओट्यावर बसले की तेच विचारतात.

"गाव पांढरीत आन् शेत काळीत. तू काळीत ऱ्हायला आलास. आलं का काही पीक घराचं?"

गावठाणाला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणायची आपली जुनी रीत. म्हणजे कुठं राहायचं आणि कुठं पेरायचं याचा निकाल वाडवडिलांनी रंगावरूनच लावून ठेवला होता. पांढरीची माती माळवदावर टाकायची, जुन्या उकिरड्याची शेतात न्यायची, पण काळीत घर घालायचं नाही. आणि मी काय करत होतो? मी तीस वर्षं फळ्यावर 'काळी-पांढरी' लिहून पोरांना विचारत होतो, "समास ओळखा." द्वंद्व समास सांगणाऱ्याला एक मार्क दिला. त्यातलं द्वंद्व माझ्या दारात चालू होतं, ते मला ओळखता आलं नाही.

पोराचं लग्न ठरायच्या बेतात आलं तेव्हा त्याच जागेत मागच्या बाजूला स्लॅबचं घर बांधायचं ठरलं, वर आणखी एक मजला चढेल असं. आता मात्र मी शपथ घेतली की जमीन किती वजन पेलते हे स्वतः शिकल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

ही शपथ मी चहाच्या टपरीवर घेतली, आणि तिथंच शिक्षण सुरू झालं. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं कॉलमवर लोकांची गाढ श्रद्धा बसली आहे. कॉलम किती सळ्यांचा, हे जो तो विचारतो. कॉलम उभा कशावर आहे हे विचारणं म्हणजे बैठकीत नवऱ्या मुलाचा पगार सोडून स्वभाव विचारण्यासारखं. लोक तुमच्याकडं संशयानं बघतात.

तरी सल्ले मिळाले. मिस्त्रींनी जागेवर येऊन टाच आपटली, दोनदा. "पाच फूट घेऊ. बास होतंय." मी विचारलं, पाचच का? "गावात सगळ्यांनी पाचच घेतलंय." मग सगळ्यांच्या भिंतींना भेगा का? "त्येच म्हणतो मी. सगळ्यांनाच हायेत. तुम्हाला एकट्याला न्हाई."

जेसीबीवाल्याचं शास्त्र निराळं. त्याला टाच लागत नाही; तो सीटवर बसूनच ओळखतो. बकेट कशाला लागलं हे त्याला बसल्या जागी खालून कळतं म्हणे. एक वास्तुवाले गृहस्थ आले, त्यांनी मातीकडं न बघता मोबाईलमधल्या होकायंत्राकडं बघितलं. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा धरून जागाभर फिरला आणि नारळ जिथं उभा राहिला तिथं म्हणाला, "हितं दोन इंच पाणी हाय." मी म्हटलं, मला बोअर नको, पाया हवाय. तो म्हणाला, "मग हितं सोडून कुठंबी घ्या." शंभर रुपये घेऊन गेला. प्रामाणिकपणे सांगतो, तोवर मिळालेला तोच सर्वात नेमका सल्ला होता.

अशा वेळी भाचा सुट्टीला आला. तो छत्रपती संभाजीनगरला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं भेगेत हात घालून बघितला, कंगवा बाहेर काढला, केस विंचरले आणि म्हणाला, "मामा, टेरझाघी वाचा."

कार्ल टेरझाघी हे मृदायांत्रिकीचे आद्यपुरुष. १८८३ साली प्रागमध्ये जन्मले, १९२५ साली मातीच्या यांत्रिकीवर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली ती वेगळ्या कारणानं. इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात शिकवताना या माणसाकडं प्रयोगशाळा नव्हती. सिगारच्या रिकाम्या खोक्यांतून आणि सापडेल त्या सामानातून त्यांनी उपकरणं जुळवली. हे मी बायकोला मोठ्या उमेदीनं वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "त्यांची बायको कुठं होती तेव्हा?"

जमीन किती वजन पेलेल हे सांगणाऱ्या टेरझाघींच्या सूत्राचे तीन तुकडे आहेत. पहिला मातीच्या चिकटपणाचा, दुसरा पाया किती खोल त्याचा, तिसरा पाया किती रुंद त्याचा. चिकणमाती नुसती चिकटपणावरच तगून असेल तर पहिल्या तुकड्यात चिकटपणाला ५.७ नं गुणायचं. एवढं सगळं करून उत्तर आलं की त्याला तीननं भागायचं.

"तीननं कामून?"

"सेफ्टी, मामा. आपल्याला जे माहीत नाही त्याच्यासाठी."

हे मला इतकं पटलं की मी सगळीकडं तीननं भागायला लागलो. भाषणातल्या आश्वासनाला तीननं भागायचं. "निघालो, पोचतोच" याला मात्र तीननं गुणायचं. मिस्त्रींच्या पाच फुटांना भागायचं की गुणायचं, एवढाच प्रश्न उरला.

भाच्याच्या पुस्तकात मागे एक तक्ता होता. आपल्या ट्रॅपसारख्या अभंग कठीण खडकाला चौरस मीटरला ३३० टन, मऊ खडकाला ४५ टन, असं एकेका थराचं बळ दिलेलं. काळ्या मातीसमोर आकडा कमी आणि तळटीप जास्त. एखाद्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर मार्कांऐवजी 'पालकांनी येऊन भेटावे' लिहितात, तसा सूर होता.

पहिली चाचणी घरात करता येण्यासारखी निघाली. माती वाळवायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची, दहा-दहा ग्रॅमचे दोन वाटे करायचे, आणि शंभर मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत टाकायचे. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी कोण किती फुगलं ते बघायचं. रॉकेलात काळी माती फुगत नाही. तिचं प्रेम फक्त पाण्यावर.

मोजनळ्या शाळेतून मागून आणल्या. माती तव्यावर भाजली. चाळणी मैद्याची घेतली, आणि इथं पहिलं विघ्न आलं, कारण पुढच्या आठवड्यातल्या करंज्या जरा सावळ्या झाल्या. दुसरं विघ्न रॉकेल. घरोघर गॅस आल्यापासून रॉकेल दिसेनासं झालंय. सगळं गाव पालथं घातल्यावर आबांच्या माळ्यावर एक बाटली मिळाली. ती त्यांनी 'गॅस बंद पडला तर' म्हणून जपली होती. "कशाला पायजे?" म्हणाले. मी म्हटलं, माती भिजवायला. आबांनी बाटली दिली, पण दुसऱ्या दिवशी माझ्या भावाला गुपचूप विचारलं, मला झोप नीट लागते का.

चोवीस तासांनी रॉकेलातली माती १२ वर होती. पाण्यातली २४ वर. मी हिशेब केला, जास्तीचे बारा भागिले बारा गुणिले शंभर. शंभर टक्के! जन्मभर मार्क देणारा माणूस मी, शंभर टक्के बघून माझा ऊर भरून आला. भाच्याला फोन लावला.

"मामा," तो म्हणाला, "नापास."

पन्नासच्या आत हवं होतं. शंभर म्हणजे माती पावसाळ्यात घर उचलते आणि उन्हाळ्यात खाली ठेवते. दरवर्षी. पाया पाच फुटांत संपला तर घर त्या मातीच्या पाठीवर बसलेलं असतं, आणि ती उठली-बसली की ते पण उठतं-बसतं. तेव्हा कुठं मला माझं दार समजलं. लाकडाचा दोष नव्हता, लोखंडाचाही नव्हता. दार जागच्या जागी होतं, चौकट येरझारा घालत होती.

आपल्याकडं काहीच नव्हतं असं नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीची परीक्षा आहे, सहाव्या शतकातली. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. उरली तर जागा उत्तम, कमी पडली तर वाईट. किंवा खड्ड्यात पाणी भरून शंभर पावलं जाऊन परत यायचं आणि पाणी किती राहिलं ते बघायचं. मला पाण्याचा प्रकार आवडला, कारण त्यात आकडेमोड नव्हती. मी पाणी भरलं आणि निघालो. अडतिसाव्या पावलाला शेजारी भेटला. दिंद्रुडात शंभर पावलं सलग चालणं अशक्य आहे, ही गोष्ट वराहमिहिराला माहीत नसणार. "कुठं निघालात?" पासून कापसाच्या भावापर्यंत आणि तिथून रेल्वेपर्यंत आलो. नगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची रेल्वे हा आमच्याकडं असा विषय आहे की निघाला की चहा होतोच. सव्वा तासानं परतलो तेव्हा खड्ड्यात पाणी नव्हतं. शेळी होती.

भाच्यानं फोनवर आणखी दोन चाचण्या सांगितल्या. एकीत साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून टाकत राहायचा आणि नळी तीस सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले ते मोजायचं. (माझं लग्नातलं वजन साडेत्रेसष्टच होतं. घरात येऊन मी किती घाव घातले ते बायकोला पाठ आहे.) दुसरी प्लेटची. खड्ड्यात पोलादी पत्रा ठेवायचा, वरून जॅकनं टप्प्याटप्प्यानं भार द्यायचा, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या घड्याळांवर पत्रा किती खचला ते टिपायचं. दोन्हींचा खर्च ऐकून मी म्हटलं, प्लेटची आपण घरी करू.

"मामा, नका."

केली. एक फूट लांब-रुंद लोखंडी पत्रा, त्यावर दोनशे लिटरचं टिपाड, त्यात नळीनं पाणी. मोजायला पोराची कंपासपेटीतली पट्टी. शंभर लिटर झालं, काही नाही. दीडशे झालं, काही नाही. मी मिस्त्रींकडं अशा नजरेनं बघितलं, जशा नजरेनं टेरझाघींनी इस्तंबूलमध्ये कुणाकडं बघितलं असेल. तेवढ्यात लक्षात आलं की टिपाड खालून गळतंय. गळलेलं पाणी पत्र्याखाली गेलं. काळी माती, आणि त्यात पाणी! टिपाड अदबीनं एका बाजूला झुकलं.

पिसाचा मनोरा ११७३ साली बांधायला घेतला आणि मऊ मातीमुळं तिसऱ्या मजल्याच्या सुमारास कलला. मग काम जवळजवळ शंभर वर्षं बंद राहिलं, तेवढ्यात माती घट्ट झाली, म्हणून तो आजही उभा आहे. माझा मनोरा चार सेकंदांत पडला. पडताना त्यानं मिस्त्रींना मांडीपर्यंत भिजवलं.

"गुरुजी," ते धोतर पिळत म्हणाले, "त्या इटलीवाल्यांचा ठेकेदार शंभर वर्सं कुठं होता?"

"माहीत नाही."

"उचल घिऊन पळाला आसंल."

बीड जिल्ह्यात याहून सयुक्तिक खुलासा कुणी देऊ शकणार नाही.

भाच्याचं म्हणणं शेवटी साधं निघालं. एक खड्डा घ्या, काळी संपून मुरूम लागेपर्यंत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा खाली खडक होऊन बसलाय. तो कुजून मुरूम झाला, मुरूम झिजून काळी झाली. उलटं खाली गेलं की मुरूम भेटणारच. फारच खोल असला तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच काढलेले पाईल, म्हणजे जमिनीत खोल घातलेले खांब, आहेत, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले. मिस्त्रींनी ते लक्ष देऊन ऐकलं. "कांदा आम्ही काढतो," म्हणाले, "पुरत न्हाई."

खड्डा घ्यायला माणसं मिळाली गुढीपाडव्यानंतर, ऊसतोडीहून टोळ्या परतल्यावर. मिस्त्रींनी नारळ फोडला, लिंबू कापलं, हळद-कुंकू वाहिलं आणि काम सुरू केलं. दोन दिवसांत पाच फूट झालं. खाली काळीच. तिसऱ्या दिवशी गड्यांच्या भावकीत लग्न होतं. काम थांबलं.

आता बघा, गावाला काय दिसलं? निवृत्त मास्तर. रॉकेल शोधत फिरतो, माती भाजतो, खड्ड्यात पाणी ओतून पावलं मोजतो. घराच्या मागं, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी एकच खड्डा घेतो, सगळा पाया नाही. कडेला कापलेलं लिंबू. आणि रोज संध्याकाळी भाच्याला फोन करून विचारतो, "अजून किती खाली असेल?"

त्या आठवड्यात टपरीवर माझा चहा लोक आपणहून द्यायला लागले. एकानं खाजगीत सांगितलं, "गुरुजी, हंडा निघाला की सरकारला कळवावं लागतंय. पन समद्यांनाच कळवायला पायजे आसं न्हाई."

अमावस्येला रात्री कुत्री फार भुंकली. वैशाखातलं दार, आतून पाटा लावलेला. मी उठलो नाही. सकाळी जाऊन बघतो तर खड्डा नऊ फूट खोल. कडा कशा छान तासलेल्या. माती एका बाजूला व्यवस्थित रचलेली. इतकं चोख काम मी रोजंदारी देऊन कधी बघितलं नव्हतं. तळाशी एक पहार, अर्धी जळालेली उदबत्ती आणि डाव्या पायाची एक चप्पल. आणि या सगळ्याखाली, पिवळट-तांबूस, खडबडीत, कोरडा ठणठणीत मुरूम.

मिस्त्री शिडीनं उतरले. त्यांनी चोरांचीच पहार उचलून उभी टाकली. ठण्ण! मी फोन खड्ड्यात धरला होता. संभाजीनगरहून भाचा ओरडला, "मामा, परत टाका!" परत टाकली. ठण्ण! "थांबा तिथंच," तो म्हणाला. पुढं त्यानं त्याच्या सरांना आणून दाखवलं, सरांनी नमुने नेले, कागदावर आकडे आले, सगळं रीतसर झालं. पण माझं समाधान त्या दोन ठण्ण्यांत झालं होतं.

आठवड्यानं टपरीवर एक ओळखीचा तरुण शेजारी येऊन बसला. दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या. बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिला.

"गुरुजी, काळीच्या खाली ते पिवळं काय आसतंय हो?"

"मुरूम."

"आस्सं." आणखी एक फुंकर. "लई कठीण आसतंय म्हनं."

"असतं."

"आन् त्येच्या खाली?"

"खडक."

"म्हंजी तिथं काय नसतंय."

"काही नसतं," मी म्हटलं. त्याच्या पायाकडं बघितलं. चपला नव्या होत्या.

घर झालं. बाकीचे खड्डे पैसे मोजून, तितक्याच खोल घेतले. पहिला आषाढ आला तसा मी रोज सकाळी उठून नव्या दाराला खांदा लावायला जायचो आणि दार आधीच उघडून मी ओट्यावर जाऊन पडायचो. वर्ष गेलं, भिंतीला केसाएवढी रेघ नाही. लाईटचं बिल ठेवायला जागा नाही म्हणून बायकोनं भिंतीत खिळा ठोकला.

मग जुनी खोली पाडायला काढली. बघायला अर्धं गाव जमलं, कारण हंडा खड्ड्यात नसला तरी भिंतीत असू शकतो. बायको सकाळपासून त्या भेगेच्या समोर खुर्ची टाकून बसली होती. पहिल्याच घणाला खिडकीकडची बाजू कोसळली, आणि धुळीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी खाली आलं. गर्दी पुढं सरकली. बायको सगळ्यांच्या आधी पोचली.

पिशवीत पाचशेच्या सहा नोटा होत्या. जुन्या. २०१६च्या उन्हाळ्यात तिनं त्या माझ्यापासून जपून भेगेत ठेवल्या, मृगात भेग मिटली, आणि ८ नोव्हेंबरला रात्री टीव्हीवर तिला कळलं की आत काय अडकलंय. पुढच्या फाल्गुनात भेग उघडली तेव्हा पिशवी आत कुठंतरी खाली सरकली होती. तेव्हापासून दर वर्षी पाल बघणं चालू होतं.

गर्दीला काय बोलावं कळेना. आबांनी एक नोट उन्हात धरून बघितली आणि परत केली.

बायकोनं पदरानं धूळ पुसली, सहाही नोटा मोजल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "त्या दोन नळ्या शाळेत परत दिल्यात का हो? नसतील तर द्या इकडं. चोवीस तास पाण्यात ठेवते. माती दुप्पट होती, ह्या कामून होऊ नयेत?"